खिडकीतला पेला
व्हिनेगरचा वास आला की तुळिंजच्या आमच्या फ्लॅटमधली ती दुपार आठवते आणि तोंड कडू होतं. डिशवॉशर घेतल्यावर आठ वर्षं भांडी घासणाऱ्या मावशींना मी काढून टाकलं होतं. महिन्याभरातच बोअरिंगच्या पाण्याने काचेचे बारा ग्लास पिठात बुडवल्यासारखे पांढरट झाले, आणि त्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याचे साहेब सहकुटुंब जेवायला येणार होते. लाज गुंडाळून ठेवून मी मावशींना फोन केला. त्या लगेच आल्या. बाराही ग्लास व्हिनेगरच्या पाण्यात बुडवले, मऊ सुती फडक्याने पुसले आणि एकेक उजेडात धरून पाहिला. मग मशीनमध्ये डोकावून म्हणाल्या, "ताई, यात मीठ नाय टाकलं काय? मशीनचं वेगळं मीठ येतं. वरच्या मजल्यावरच्या मॅडम टाकतात, म्हनून त्यांचे ग्लास चांगले राहतात." मशीन माझं आणि मला शिकवणार ह्या! घाम पुसत त्या म्हणाल्या, "जरा पानी द्या." समोर बारा लखलखीत ग्लास होते, तरी माझा हात सवयीने खिडकीकडे गेला. तिथे त्यांच्यासाठी वेगळा ठेवलेला स्टीलचा पेला होता. त्या पाणी प्यायल्या, पेला स्वतःच विसळून पुन्हा खिडकीत पालथा घातला आणि निघून गेल्या. आता मी मशीनमध्ये न चुकता मीठ भरते, ग्लास स्वच्छ निघतात, पाहुणे कौतुक करतात. पेला अजून खिडकीतच आहे; लादी पुसायला येणाऱ्या नव्या बाईंना मी त्यातूनच पाणी देते.