बूच जुने नव्हते

दाविदराव साळवे मिस्त्रींकडे मी पहिल्यांदा गेलो तो बैलगाडीतून. गाडीत गोणपाटात गुंडाळलेले चार सिलिंडरांचे विमानाचे इंजिन होते आणि त्याला मिठी मारून बसलेला मी, नगरच्या एका शाळेतला ड्रॉइंगमास्तर! लढाई संपल्यावर लष्कराच्या उरलेल्या मालाचा लिलाव झाला, त्यात ते मला मिळाले होते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा धाकटा भाऊ वसंता आणि मी एका माणसापुरते विमान बांधत होतो. वसंता लढाईत वैमानिक होता आणि घरी परतल्यापासून त्याला जमिनीवर करमत नव्हते. लाकडी सांगाडा उभा राहिला होता, पंखांवर कापड चढले होते. अडले होते ते इंजिनापाशी, आणि गावात ज्याला विचारावे तो साळवे मिस्त्रींचे नाव घेई.

मिस्त्री मूळचे खर्ड्याकडचे. विहिरींवरची ऑइल इंजिने दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. विमानाचे इंजिन पाहून ते थक्क होतील, अशी माझी बालंबाल खात्री होती. त्यांनी गोणपाट बाजूला केले, इंजिनाचा दांडा हाताने सावकाश फिरवला, डोळे मिटून आतले ऐकले आणि विचारले,

"मास्तर, ह्ये जेवनार काय?"

"पेट्रोल," मी म्हणालो.

"पेट्रोल तर खरंच. पर कोन्तं? कुठनं आननार? आदी त्येच्या जेवनाचं बगा. इंजिनाचं मी बगतो."

मी घरी येऊन वसंताला म्हटले, "माणूस विक्षिप्त आहे." आज त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिताना तो शब्द आठवला की माझे मलाच हसू येते. पुढे दोन वर्षे, आपला कारखाना सांभाळून, मिस्त्री रोज संध्याकाळी आमच्या शेडमध्ये येत राहिले. मोबदल्याचा विषय काढला की ते पान्हा शोधू लागत.

त्यांच्या कामाची एक रीत सांगतो. औषधाची एक रिकामी बाटली त्यांच्याजवळ कायम असते. तिच्यावर कानशीने ओढलेली एक रेघ आहे. पेट्रोलचा नवा डबा आला की रेघेपर्यंत पाणी घालायचे, वर पेट्रोल ओतायचे, अंगठ्याने तोंड दाबून बाटली हलवायची आणि ठेवून द्यायची. पाणी खाली बसून पुन्हा रेघेवर थांबले तर पेट्रोल निर्मळ. पाणी रेघेच्या वर चढलेले दिसले तर त्या पेट्रोलात स्पिरिट आहे, कारण स्पिरिट पेट्रोलची संगत सोडून पाण्यात मिसळते. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने, कारखान्यांत मळी आणि मळीचे स्पिरिट. त्यात पेट्रोलचे रेशनिंग! मोटारवाले बिनदिक्कत पेट्रोलात स्पिरिट घालीत आणि मोटारी पळतही. त्यामुळे ही परीक्षा म्हणजे मिस्त्रींचे सोवळे आहे, अशी थट्टा आम्ही करीत असू. मिस्त्री हसत आणि बाटली हलवीत राहत.

घरी विमान बांधणारे खुळे आम्हीच नव्हतो, हे आमचे विमान उडाल्यावर कळले. पत्रे येऊ लागली! कोणी कोल्हापूरचे, कोणी बडोद्याचे, सगळ्यांची तक्रार इंजिनाची आणि तेलापाण्याची. मिस्त्री सांगतात आणि मी कार्डावर उतरवतो. एका गृहस्थांनी विचारले, पेट्रोल पुरत नाही, थोडे रॉकेल घातले तर चालेल काय? मिस्त्री म्हणाले, "लिवा, कंदिलात घाला." दुसऱ्या एकांचे इंजिन चैत्रात दुपारी हटकून बंद पडे आणि सकाळी खुशाल चाले. मिस्त्रींनी त्यांच्याकडून नळ्यांचे चित्र मागवले, मी त्याची मोठी प्रत काढली, आणि मिस्त्रींनी एका जागी बोट ठेवले. पेट्रोलची नळी धुराच्या नळकांड्याला जवळजवळ चिकटून गेली होती. आत पेट्रोलची वाफ होऊन वाट अडत होती. "नळी चार बोटं लांब न्या, आन् तवर दुपारचं उडू नका," असे उत्तर गेले. पंधरा दिवसांनी त्या गृहस्थांचे कार्ड आले, त्यात नुसते "चालले! चालले! चालले!" एवढेच लिहिले होते. मिस्त्रींनी ते कारखान्यात खिळ्याला टांगून ठेवले आहे.

या ग्रंथाच्या संपादकांनी मला सांगितले की 'जुन्या बुचाचा' तो गमतीदार किस्सा जरूर लिहा. साऱ्या नगरला तो ठाऊक आहे. पहिल्या उड्डाणाला मिस्त्रींनी इंजिनात जुने बूच घातले आणि ऐनवेळी सगळ्यांचा हिरमोड झाला, असा तो किस्सा. मी तो लिहिणार आहे, पण जसा घडला तसा.

तो रविवार होता. सारे परवाने हातात आले होते. जेऊरच्या वाटेवरच्या माळावर सकाळपासून जत्रा लोटली होती. बैलगाड्या, सायकली, शाळेतली मुले, भजी तळणारा एकजण सुद्धा! मिस्त्री सकाळी चर्चमध्ये उपासनेला जाणार होते. आदल्या दिवशी त्यांनी मला बजावले होते, "मी येस्तवर टाकीला हात लावू नगा." आमच्याजवळचे पेट्रोल कमी पडत होते. त्याच सकाळी साखर कारखान्यातल्या माझ्या एका स्नेह्याने एक डबा पाठवला. "माझी गाडी यावरच पळते," असा निरोप होता. मी ते चामड्याच्या गाळणीतून गाळले. काय स्वच्छ दिसत होते म्हणता! लोक ओरडत होते, वसंता आत बसून पट्टे आवळत होता, आणि माझ्या अंगात नुसता वारा शिरला होता. मी टाकी भरली. पंखा फिरवला. इंजिन पहिल्या झटक्याला लागले! मी खरोखर नाचलो.

दहा-बारा मिनिटे इंजिन तापवले असेल. तेवढ्यात उपासनेचे पांढरेशुभ्र कपडे घातलेले मिस्त्री सायकल दामटत आले. सायकल त्यांनी लावली नाही, टाकून दिली. धूर काळा येत होता, तो मला दिसत असूनही दिसला नव्हता. त्यांनी सरळ विमानाशी येऊन टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला. इंजिन गचके खाऊन थांबले.

आणि मी, त्या साऱ्या लोकांसमोर, माझ्याहून वडील असलेल्या माणसाला म्हणालो, "मिस्त्री, हे विहिरीवरचं इंजिन नव्हे! विमान उडावं असं तुमच्या मनातच नाही. जा, पंप दुरुस्त करा जाऊन!"

मिस्त्री खाली वाकले. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकत होते. त्यांनी बोट लावून वास घेतला, कार्ब्युरेटर उघडला आणि आतले बूच बाहेर काढले. कार्ब्युरेटरात पेट्रोलवर बुचाचा एक तुकडा तरंगत असतो. पेट्रोल पुरेसे झाले की तो वर येऊन वाट बंद करतो. बुचात पेट्रोल मुरू नये म्हणून त्यावर लाखेचे रोगण देतात. आठच दिवसांपूर्वी मिस्त्रींनी नवे बूच कोरून त्यावर तीन हात दिले होते, माझ्या डोळ्यांदेखत. आणि लाख विरघळते कशात? स्पिरिटात! मिस्त्रींच्या अंगठ्याला ते रोगण काकवीसारखे चिकटत होते. बूच पेट्रोल पिऊन जड झाले होते, ते वर येईना, आणि पेट्रोलचा लोंढा थांबेना. अजून पाच मिनिटांनी वसंता बाभळींच्या शेंड्यांवर असता आणि इंजिन तिथे गुदमरले असते, नाहीतर पेटले असते.

मिस्त्रींनी ते बूच फक्त मला दाखवले. हळूच विचारले, "डबा कुनाचा?"

मी सांगितले.

एव्हाना लोक जवळ आले होते. गावचे पाटील विचारू लागले, "काय झालं मिस्त्री? कशापायी थांबवलं?"

मिस्त्रींनी बूच खिशात टाकले. पांढऱ्या कोटाला डाग पडला. ते म्हणाले, "बूच जुनं हुतं, पाटील. माजी चूक झाली. इमान दोन हप्त्यांनी उडंल."

लोक हसले, काही चिडले, आणि पांगले. मी गप्प उभा राहिलो.

त्या दोन हप्त्यांत मिस्त्रींनी पातळ पितळी पत्र्याचा, बुचाच्या जागी तरंगणारा पोकळ फ्लोट घडवला, कथलाचा डाग देऊन बंद केला आणि ऊन पाण्यात बुडवून बुडबुडा येतो का ते दहादा पाहिले. आणि मग विमान उडाले! काय सांगू! चाके सुटली, खालची सावली वेगळी झाली, आणि माझा वसंता बाभळींवरून, गाड्यांवरून, ओरडणाऱ्या पोरांवरून निघाला! मी रडत होतो, हसत होतो, शेजारच्या अनोळखी माणसाला गदागदा हलवत होतो. मिस्त्री मात्र वर पाहतच नव्हते. खाली मान घालून, डोळे मिटून ते फक्त ऐकत होते. वसंता उतरला आणि धावत येऊन त्यांच्या पाया पडला. "आरं, ह्ये काय, ह्ये काय," म्हणत ते संकोचून मागे सरले.

वसंताला मी त्याच रात्री सगळे सांगितले. गावाला सांगितले नाही. मिस्त्रींच्या हातच्या कामाला 'जुने बूच' म्हणून लोक अजून चिडवतात, आणि ते हसून मान हलवतात. त्यांनी मला कधी टोचून बोलून दाखवले नाही. दुसऱ्या संध्याकाळीच ते नेहमीसारखे शेडमध्ये आले होते. मी माफी मागण्यासाठी तोंड उघडले तर म्हणाले, "पान्हा द्या." चारचौघांत केलेल्या अपमानाची क्षमा शेडमध्ये मागून भागत नाही, हे मला तेव्हाही कळत होते. धीर झाला नाही, इतकेच.

तेव्हा या ग्रंथाच्या वाचकांसमोर, आणि त्या रविवारी माळावर असलेल्या प्रत्येकासमोर लिहून देतो: बूच नवे होते. स्पिरिटाचे पेट्रोल मी ओतले होते. ज्यांनी माझ्या भावाचा जीव वाचवला त्यांना मी पंप दुरुस्त करायला जा म्हणालो. मिस्त्री, मला क्षमा करा.

परमेश्वर साळवे मिस्त्रींना भरभरून आयुष्य देवो, त्यांचे कान असेच तीक्ष्ण आणि हात असेच स्थिर राहोत. आणि यापुढच्या त्यांच्या आयुष्यातला एकही दिवस माझी चूक स्वतःच्या नावावर वागवण्यात न जावो.