शेकड्यावरची फळं

वाद घालायला सबंध रत्नागिरीत कोणी उरलं नाही म्हणून स्वतःशीच वाद घातला आणि त्यातही हरला, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. मिठाच्या सत्याग्रहाच्या आगेमागे ते आंब्याचे व्यापारी होते आणि विद्येलाही त्यांनी आंब्याचाच कायदा लावला होता. "माल चांगला असेल तर गिऱ्हाईक घाट उतरून येईल! सरकारनं शाळा काढायच्या म्हणजे कलेक्टरानं आंबे विकायला बसायचं!" हे नुसतं बोलून भागेना, म्हणून त्यांनी हंगाम सोडून रिकामी पडणाऱ्या आपल्या वखारीत शाळाच उघडली. तिथे इयत्ता नव्हत्या. कच्ची, पाडाची आणि पिकलेली असे पोरांचे तीन ढीग होते. परीक्षा म्हणजे आतोबा पाटी नाकाशी धरत, पोराच्या डोळ्यांत बघत आणि निकाल देत. मी तीन वर्षं कच्च्यात होतो. आत्या म्हणायची, "अहो, माझ्या भावाचा मुलगा आहे हो तो!" त्यावर उत्तर ठरलेलं, "म्हणून उगाच ऊब देऊ? नासेल मेला."

फी मात्र हवीच. फुकटाची विद्या मुरत नाही, असं त्यांचं मत. पण आंब्याच्या धंद्यात शेकड्यावर चार-सहा फळं जास्त द्यायची रीत असते, वाटेत नासली तर गिऱ्हाइकाला तूट नको म्हणून. त्या रीतीनं फी देणाऱ्यांवर काही पोरं 'वरची' म्हणून घेतली जात. भाट्याहून तरीनं खाडी ओलांडून येणारी खारव्याची चंद्री त्यातलीच. बाप जहाजावर, त्याची पत्रं आईला वाचून दाखवायची, एवढ्यासाठी ती शिकत होती. शाळा तपासायला आलेले दिपोटी हसले, "हा तर धर्मादाय! सरकारी ग्रँट घ्या की." आतोबा कडाडले, "हा व्यापार आहे! ग्रँट घेतली की उद्या तुम्ही माझ्या आंब्याची चव ठरवाल!"

मग पलीकडच्या आळीत दुसरी शाळा निघाली. तिथे बाजाची पेटी होती आणि दर शनिवारी फुटाणे. पंधरा दिवसांत फी देणारं एकूण एक गिऱ्हाईक तिकडे गेलं. मीही गेलो, पेटीसाठी गेलो असं घरी सांगितलं, पण खरं कारण फुटाणे. "बाजार बोलला," एवढंच म्हणून आतोबा कुलूप घेऊन वखारीकडे निघाले. मी अपराध्यासारखा मागोमाग. आत पेंढ्यावर सात पोरं बसलेली, सगळी वरची.

चंद्री म्हणाली, "मास्तर, कुलूप कशाला? बाबाचं पत्र अर्धंच लागतंय मला. उरलेलं कोण शिकवील?"

आतोबांनी हातातलं कुलूप पेंढ्यावर ठेवलं. "शेकडा गेला, वरची तेवढी राहिली," ते पुटपुटले. "आणि नासलं नाही हो एकही."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बस. दिपोट्यांना अर्ज लिही, ग्रँट हवी म्हणून. माझा हात वळत नाही." मी लिहिला. त्यांनी कागद नाकाशी धरला, माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि हळूच म्हणाले, "पाडाला लागलास रे."

पुढे ग्रँटच्या कौलांखाली बसून ते सरकारी शाळांना मनसोक्त शिव्या देत आणि चंद्री शेवटच्या ओळीपर्यंत पत्र वाची. आता आतोबा नाहीत. दर वैशाखात पेंढा उघडला की पहिला आंबा मी नाकाशी धरतो. त्याचं कळतं मला. माझं काय झालं, पिकलो की नाही, ते सांगणारं मात्र कोणी राहिलं नाही.