मला विचारल्याशिवाय नाही

नाटकांना कपडे भाड्याने देणाऱ्या त्या दुकानात सगळे तिला मावशी म्हणत. तिच्याहून वयाने मोठे असलेले शिंपीकाकासुद्धा. कपड्यांचा साठा एका प्रोग्राममध्ये, बुकिंगच्या तारखा दुसऱ्यात, टेम्पोच्या फेऱ्या तिसऱ्यात. तिघांचं आपसात बोलणं नाही, तेव्हा मधे मावशी. इथलं वाचायचं, तिथे टाइप करायचं, तिसरीकडे कळवायचं. तिने सुट्टी घेतली की राजा एका नाट्यगृहात आणि त्याचा मुकुट भलत्याच. त्यामुळे समुद्राकाठी राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे जाणं दरवर्षी पुढे ढकललं जाई. "आता मी मेल्यावरच ये," बहीण फोनवर म्हणाली होती. "तेव्हा तरी रजा मिळेल."

मग मालकीणबाईंनी एआय सहायक आणला.

"याला तिन्ही प्रोग्राम कसे उघडतील?" मावशीने विचारलं.

"जोडणीची एक पद्धत ठरली आहे, सगळ्यांसाठी खुली. ज्या प्रोग्रामला ती येते, त्याच्याशी हा बोलतो."

मावशीने पोशाख टांगलेल्या दांडीकडे पाहिलं. हँगर कुणीही बनवलेला असो, अडकवायचा आकडा सारखाच. म्हणून तर राजा आणि अस्वल शेजारी शेजारी सुखाने लटकत होते. पटलं तिला. फक्त परवानग्यांच्या पानावर तिने प्रत्येक कामापुढे एकच पर्याय निवडला: आधी मला विचारा.

आणि बॅग भरली.

बहिणीच्या गच्चीत चहाचा पहिला घोट घेते तोच फोन वाजला, सहायक विचारत होता. सहा झगे राखून ठेवू? हो. टेम्पोला कळवू? हो. अस्वल परत आलं, साठ्यात घेऊ? घे बाबा. वाळूतही तेच, जेवतानाही तेच.

"सुनेने मीठ घालतानाही सासूला विचारावं, तशी गत केलीस त्याची," बहीण म्हणाली. तिसऱ्या दिवशी मात्र तिचा आवाज उतरला. "खरं सांग ताई, तुला यायचंच नव्हतं ना?"

मावशी समुद्राकडे पाहू लागली. समोर पाणी येत होतं, जात होतं, कुणालाही न विचारता.

"माझ्यावाचून सगळं नीट चाललं तर?"

"तर काय?"

"तर इतकी वर्षं मी काय करत होते?"

"टाइप करत होतीस," बहीण म्हणाली.

मावशीला आधी राग आला, मग हसू फुटलं, आणि ते आवरेना. डोळे पुसत तिने परवानग्यांचं पान उघडलं. बुकिंग, साठा, टेम्पो: विचारू नको. पोशाखात कापाकापी करायची असेल तरच शिंपीकाकांना विचार. काकांना तिने फोन लावला.

"त्याने विचारलं तर काय म्हणू?" काका.

"तुम्हाला वाटेल ते."

"हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं मला," काका खुशीत म्हणाले.

दुपारभर फोन गप्प. न राहवून तिनेच पाहिलं: अस्वल गेलं होतं, पोचलं होतं, डोक्यासकट. तिला न विचारता. फोन तिने चपलांखाली सारला आणि ती पाण्यात शिरली.

लाटेने तिला उचलून वाळूत आपटलं. नाकातोंडात पाणी, पदर कुठल्या कुठे.

"पुरे की पुन्हा एकदा?" बहिणीने विचारलं.

मावशी केव्हाच पाण्यात आत निघाली होती.