मामांच्या हाताखालचे पाइन

माझ्या बायकोच्या मामांइतका अधिकार गाजवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि त्यांच्या हाताखाली गेली सात वर्षं पाच झाडांखेरीज कोणीही नव्हतं. पाटबंधारे खात्यातून ते निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन मोकळं केलं; मामांनी मात्र खात्याला मोकळं केलं नाही. गंगापूर रोडवर त्यांचा चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे आणि त्याला लागून ऐसपैस गच्ची. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी उत्तरेकडच्या डोंगरात सहलीला गेले असताना तिथल्या एका रोपवाटिकेतून त्यांनी बोन्साय करण्यासाठी पाइनची बोटभर उंचीची पाच रोपं आणली. परतीच्या प्रवासात दोन दिवस ती मामांच्या मांडीवर होती. "पोरीला कधी एवढा वेळ मांडीवर घेतलं नव्हतं ह्यांनी," असं मामी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

इतर लोक झाडांना पाणी घालतात, मामा कालव्याला सोडावं तसं आवर्तन सोडतात. त्यासाठी एक रजिस्टर आहे. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते गच्चीत येतात, प्रत्येक कुंडीच्या मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसतात, याला पाहणी म्हणतात, आणि पाहणीचा निष्कर्ष लिहून झाल्याशिवाय झारी उचलत नाहीत. एकदा मे महिन्यात भर दुपारी मामींना दया आली आणि त्यांनी एका झाडाला भांडंभर पाणी घातलं. संध्याकाळी मामांचं बोट नेमकं त्याच कुंडीत थबकलं.

"हे कोणाच्या आदेशानं झालं?"

"सुकलं होतं ते."

"तसं झाडानं सांगितलं तुला?"

"तुम्ही तरी कधी सांगता तहान लागली म्हणून? तांब्या पुढ्यात आणून ठेवतेच ना मी?"

रजिस्टरमध्ये त्या दिवशी 'अनधिकृत उपसा' अशी नोंद झाली; पाणी उपसलं नव्हतं, घातलं होतं, पण खात्याच्या भाषेत त्याला दुसरा शब्द नव्हता.

मामांचे ऋतूही शहराच्या ऋतूंशी जुळत नाहीत. पावसाळ्यात धरण भरत आलं की सगळं नाशिक खूष असतं. मामा काळजीत पडतात, कारण पाइनच्या मुळांत पाणी साचलं की ती कुजतात. मग कुंड्या विटांवर तिरक्या ठेवणं, वर प्लास्टिकचा कागद ताणणं, आणि रात्रभर पाऊस झाला तर सकाळी झाडांचा पंचनामा. उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधायचीच, पण ती बांधताना दोन वेळा सुतळीने माप घ्यायचं. थंडीत निफाडचा पारा उतरला की द्राक्षवाले बागांतून शेकोट्या पेटवतात आणि मामा पेपर घेऊन गच्चीत येतात. "बघा, निफाडला किती उतरलाय! पाइनला हेच हवं असतं," असं ते इतक्या समाधानाने सांगतात की थंडी त्यांनीच वरून मंजूर करून आणली असावी. मातीचा तर विषयच काढू नये. पाइनला साधी माती चालत नाही. विटांचा चुरा, भरड वाळू, थोडं शेणखत, आणि सगळं चाळून घेतलेलं. त्या चाळण्यापायी मामींच्या रव्याच्या तीन चाळण्या शहीद झाल्या. चौथी मामी कपाटात साड्यांखाली ठेवतात.

हे सगळं हसण्यावारी नेणं सोपं होतं, आणि मी बरीच वर्षं नेलं. पण एकदा बोलता बोलता मी विचारलं, "मामा, ह्यांना झाडाचं रूप यायला किती दिवस लागतात?"

"दिवस? पंचवीस वर्षं धरा."

मामा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. माझ्या चेहऱ्यावरचं गणित त्यांना दिसलं असावं. "छत्तीस वर्षांत इतके कालवे काढले," ते म्हणाले, "पण कोनशिलेवर मंत्र्याचं नाव असतं हो. ही पाच मागं राहिली, तर मी राहिलो."

तर यंदा जानेवारीच्या अखेरीस, कोंब फुगायच्या आत, कुंड्या बदलायच्या ठरल्या. दर दोन-तीन वर्षांनी पाइन कुंडीतून काढून, मुळं थोडी कापून, ताज्या मातीत बसवावे लागतात. दुसरा कोणी असता तर त्याने जुनी गोणी पसरून काम उरकलं असतं. मामांनी मुहूर्त काढला, आम्हाला छापील निमंत्रण पाठवलं, आणि प्रमुख पाहुणे म्हणून विंचूरहून आपले धाकटे चुलतभाऊ अण्णा यांना बोलावलं. अण्णांची द्राक्षाची बाग आहे, आणि द्राक्षबागायतदाराला जगातल्या कुठल्याही वनस्पतीबद्दल मत असतंच. गच्चीत सतरंजी घातली होती. मामांनी प्रास्ताविक केलं. मग पहिला पाइन कुंडीतून निघाला, आणि त्याच्या मुळांना मागच्या खेपेला नसलेलं पांढरंशुभ्र, कापसासारखं जाळं लागलेलं दिसलं.

अण्णा उठून उभेच राहिले. "दादा, बुरशी हाय ही!"

"बुरशी? खात्री आहे?"

"तीस वरसं बाग करतोय. द्राक्षावरची भुरी काय नि ही काय, जात एकच. पांढरं दिसलं की ठेवायचं नाय. धुवा आधी, मग औषध मारू. गाडीत हायच माझ्या."

बागायतदाराच्या गाडीत एक वेळ स्टेपनी नसेल, पण बुरशीचं औषध असतं. मामांनी आयुष्यात कोणाचा सल्ला घेतलेला नव्हता. तो त्यांनी त्या दिवशी घेतला. नळीच्या पाण्याने मुळं पांढरं जाळं सुटेपर्यंत धुतली, त्यावर अण्णांनी औषध फवारलं, आणि एकेक झाड नव्या कुंडीत बसलं. चार झाडं झाली तोवर दोन वाजले. आतून मामींचा आवाज आला, "पानं वाढलीत. पुरी गार झाली तर मी परत तळणार नाही." मामींच्या या आदेशावर अपील नसतं. पाचवा पाइन घाईघाईत, न धुता, न फवारता, जुन्या मातीसकट नव्या कुंडीत दाबला गेला आणि रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे 'काम अपूर्ण' असा शेरा पडला.

मार्चमध्ये चार झाडांच्या सुया पिवळ्या पडल्या. एप्रिलमध्ये त्या हात लावताच गळू लागल्या. अपूर्ण राहिलेला पाइन तेवढा हिरवागार. मामांनी सावली वाढवली, पाणी कमी केलं, पुन्हा वाढवलं, आणि शेवटी पुण्याला बोन्साय शिकवणाऱ्या एका बाईंना फोन लावला. मी शेजारीच होतो. फोन स्पीकरवर होता.

"मुळांना पांढरं जाळं होतं का?" बाईंनी विचारलं.

"होतं. पूर्ण काढून टाकलं," मामा अभिमानाने म्हणाले.

बाई हळूच म्हणाल्या, "काका, त्या बुरशीवरच तर पाइन जगतो. मुळांना तीच पोसते. ती कधीच धुवायची नसते."

मामांनी आभार मानले आणि फोन ठेवला. आता अण्णांच्या नावे कारणे दाखवा नोटीस निघणार, याबद्दल मला शंका नव्हती. नोकरीत असताना एका चौकीदाराला त्यांनी कुलूप गंजलं म्हणून तीन पानी पत्र लिहिलं होतं. इथे तर चार झाडं गेली होती. पण मामांनी कुंड्या रिकाम्या केल्या, धुतल्या आणि पालथ्या घातल्या. रजिस्टर त्या दिवशी उघडलं नाही.

मे महिन्यात अण्णा आले. मार्चच्या गारपिटीत त्यांची तोडणीला आलेली बाग अर्ध्या तासात झोडपून निघाली होती, आणि त्यानंतर ते प्रथमच घराबाहेर पडले होते. एरवी जिन्यातूनच बोलायला सुरुवात करणारे अण्णा गच्चीत येऊन गप्प उभे राहिले. उरलेल्या पाइनच्या शेंड्याला मेणबत्त्यांसारखे उभे कोवळे कोंब आले होते.

"हे झाक आलंय," ते म्हणाले. "बाकीची चार कुठं गेली, दादा?"

मामी दारात चहा घेऊन उभ्या होत्या. मी मामांकडे पाहिलं.

"दिली," मामा म्हणाले. "चांगली वाढली की लोक मागतात. नाही कसं म्हणणार?"

"पाहिलं? बुरशी येळेवर धुतली म्हणून." अण्णांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं. "नायतर एक राहिलं नसतं."

"तुझी नजर," मामा म्हणाले. "मला तर दिसलीच नव्हती."

मामी काहीतरी बोलतील म्हणून मी थांबलो. इतकी आयती संधी त्यांनी चाळीस वर्षांत सोडली नसेल. त्यांनी अण्णांच्या हातात कप दिला आणि पहिल्यांदाच न विचारता त्यांच्यासमोर बिस्किटांचा अख्खा डबा ठेवला. अण्णा खाली बसले आणि पाइनला पुढच्या पावसाळ्यात काय काय फवारावं हे सांगू लागले. मामा मान डोलावत, एकही शब्द न खोडता, ऐकत राहिले.