आमच्या घरातला नकाराधिकार

अमेरिकेविरुद्धच्या लढाईत व्हिएतनाम जिंकलं त्या दिवशी नान्नांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोलापुरातल्या आमच्या गल्लीत गूळ-शेंगदाणे वाटले. दिवसभर हातमागावर लुगडी विणणारा हा माणूस संध्याकाळी युनियनच्या कचेरीत पेपर वाचून यायचा आणि आम्हाला जगाचा कारभार समजावून सांगायचा. संयुक्त राष्ट्रसंघात लहान लहान देश हात वर करतात आणि एक बडा देश नकाराधिकार वापरून सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसतो, याचा त्यांना भारी संताप. "आपल्या घरात असलं चालणार नाही," म्हणायचे. त्यामुळे भाजी कुठली करायची यावरसुद्धा आमच्याकडे मतदान व्हायचं. शाळेत मी याचा केवढा तोरा मिरवायचो.

त्याच उन्हाळ्यात अम्माची नजर अधू झाली. मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या ती भरायची. विणकराच्या घरात ते काम बायकांचंच. नान्ना म्हणाले, अक्काची शाळा आता पुरे. माझी ही थोरली बहीण नववीत जाणार होती, आणि माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होती.

"मत घ्या," अक्का म्हणाली.

अम्मा, अक्का आणि मी, तिघांनी हात वर केले. कांड्या मी भरतो, असंही मी म्हणालो.

"कांड्या काय पोरगा भरणार? लोक तोंडात शेण घालतील," नान्ना म्हणाले. "या गोष्टीला मत नाही."

दुसऱ्या दिवशी मागाचा धोटा गायब. धोट्याशिवाय आडवं सूत जाणार कसं? माग बंद पडला. अक्का उंबऱ्यावर बसून होती. "शाळेत नाव राहू द्या, मग देते," एवढंच बोलली. नान्नांनी घर पालथं घातलं.

"तुमच्या घरातबी गनिमी कावा सुरू झाला की," शेजारचे मामा दारातून हसत म्हणाले.

मला वाटलं, आता नान्नाही हसतील आणि विरघळतील. ते गेले आणि त्याच मामांचा जादा धोटा मागून घेऊन आले. बड्या राष्ट्राला शस्त्र कोणीही उसनं देतं. बापाची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. अक्का मुकाट्यानं उठली आणि कांड्यांच्या चरख्यावर बसली.

जूनमध्ये मी शाळेत गेलो, अक्काचीच जुनी पुस्तकं घेऊन. संध्याकाळी नान्नांनी कौतुकानं विचारलं, "आज काय शिकवलं?" चरख्याची घरघर थांबली. मी म्हणालो, काहीच नाही.

"सांग की," अक्का म्हणाली. "मी ऐकतेय."

मी सांगत गेलो, पण तिच्याकडे मला बघवेना.