मामांचे शिंपले

समुद्राबद्दल सतत बोलणारा आणि समुद्र कधीच न पाहिलेला, असा माणूस शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत आमच्या वडगाव रासाईच्या मामांशिवाय दुसरा मिळायचा नाही. मोबाइलवर कुठेतरी त्यांनी महाकाय शिंपला पाहिला आणि तेव्हापासून लग्न असो की दहावा, मामांचा विषय एकच. "दोन गड्यांनी उचलावा एवढा शिंपला! ओहोटीत पार उघड्यावर पडतोय. पन मरतोय व्हय? तोंड मिटतोय, आतलं पाणी धरतोय आन् भरतीची वाट बघत गप ऱ्हातोय." एका नवरदेवालाही त्यांनी मांडवात हे ऐकवलं. तोंड मिटण्याचं महत्त्व मामा तासभर न थांबता सांगू शकत.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पुण्याच्या वसतिगृहातून इंग्रजीच्या धास्तीने फोनवर रडलो, तेव्हाही मामांनी शिंपलाच सांगितला. मी हसलो आणि टिकलो. माझ्या पदवीत त्या शिंपल्याचा वाटा आहे.

पुढे मामांनी मोत्यांसाठी शेततळ्यात गोड्या पाण्यातले शिंपले पाळले. उघडा दिसला की टिचकी मारायची, मिटला की म्हणायचं, "जिता हाय." ही खोड इतकी वाढली की कलिंगड, बंद पडलेला मोबाइल, दुपारी झोपलेल्या मामी, कुणी सुटलं नाही. मामींनी लाटणं उचललं, तेव्हा "जिती हाय!" म्हणत मामा अंगणात पळाले.

गेल्या मार्चमध्ये उंदरांनी तळ्याच्या तळाचा प्लास्टिकचा कागद कुरतडला. सकाळी पाहतो तर पाणी गेलेलं आणि मामांची सारी मेहनत चिखलात उघडी. भांडगावला त्यांच्या मित्राचं तळं होतं. शिंपले ओल्या गोणपाटांत गुंडाळून आम्ही पिकअपने निघालो, तर चौफुल्याजवळ उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी पडलेली. गाड्या हलेनात. ऊन तापलं. मी गोणपाटांवर बाटलीने पाणी शिंपडत होतो. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, मसाला आणू का? कालवनच करू आता!"

एरवी मामांनी त्याला महाकाय शिंपला ऐकवला असता. पण ते गोणपाटावर हात ठेवून नुसते बसून राहिले. मामांचं तोंड मिटलेलं मी प्रथमच पाहत होतो. मला शिंपल्यांपेक्षा त्यांचीच जास्त काळजी वाटली.

भांडगावला पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गोणपाट सोडलं. बरेच शिंपले किलकिले उघडे होते. मामांचा हात पुढे होईना. "तू मार रं टिचकी," ते म्हणाले.

मी मारली. शिंपला हळूच मिटला. दुसराही मिटला. तिसराही. थोडे गेले होते. बाकी सगळे जिवंत!

मामांनी मोठा श्वास सोडला, शिंपले तळ्यात सोडले, डोळे पुसले आणि ड्रायव्हरकडे वळले. "आता ऐक. दोन गड्यांनी उचलावा एवढा शिंपला..." त्याचा चहा निवला, पण बिचारा ऐकत राहिला. इतकं बरं मला माझ्या निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

आता मामांचे गुडघे दुखतात. कोकणात नेतो म्हटलं की म्हणतात, "शिंपल्यांकडं कोन बघंल?" परवा मात्र फोन ठेवता ठेवता त्यांनी हळूच विचारलं, "तिकडं ओहोटी किती वाजता आसती रं?"