हौदाची रेघ

तुमची आई नेमकं काय काम करते, असं तुम्ही नातवंडांनी गेल्या रविवारी फोनवर मला विचारलंत. तिच्याच घरात राहून मला विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

मोठ्या कंपन्या आता कॉम्प्युटरची सगळी यंत्रं स्वतःजवळ ठेवत नाहीत. दूर कुठंतरी, ज्याला क्लाउड म्हणतात तिथं, भाड्यानं घेतात. कोणतं यंत्र दमलंय, कोणतं रिकामं बसून भाडं खातंय, हे तुमची आई पडद्यावरच्या रेघांवरून ओळखते. जे कुणी वापरत नाही, ते बंद करते. परदेशी जाण्याआधी दोन वर्षं ती हे काम गारखेड्यातल्या आपल्या याच घरातून करत होती.

ती वर्षं दुष्काळाची होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, बाकी टँकर. शहर मात्र वाढत होतं. आमच्या गच्चीवरून दिसणारी ज्वारी गेली आणि तिथं इमारती आल्या. त्यांनाही पाणी हवंच होतं. आमच्या इमारतीच्या हौदाची जबाबदारी मी घेतली होती. सकाळी झाकण उघडायचं, खुणा केलेली बांबूची काठी आत सोडायची, ओल कुठवर आली ते वहीत लिहायचं आणि साडेसहाला पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायला मोटर लावायची. आमचे वॉचमन सिल्लोडकडचे, घरी मेंढरं. ते म्हणायचे, "आजी, शाळा सुटली तरी तुमची सवय नाय सुटली. पाण्याची बी हजेरी घेता."

जायच्या आठवड्यात तुमच्या आईनं हौदाच्या झाकणाला आतून एक छोटं यंत्र बसवलं. पाण्याची पातळी त्यातून क्लाउडवर जाई आणि आम्हा दोघींच्या मोबाइलवर निळी रेघ उमटे. वॉचमननी माझा मोबाइल आणि काठी शेजारी-शेजारी धरून पाहिलं.

"ताई, दोन बोटांचा फरक हाय. आम्ही कुणाचं ऐकायचं?"

"काठीचंच ऐका," ती म्हणाली. "हे माझ्यासाठी आहे. तिथून बघता येईल मला."

ती गेली. मी ती रेघ एकदाही उघडली नाही. भाड्याची वस्तू, उघडली की पैसे चढत असतील, असं माझ्या डोक्यात. टँकरच्या दिवसांत हात असेच आखडतात. पण मोटर लावताना रोज वाटायचं, आत्ता तिच्या पडद्यावर रेघ खाली उतरली असेल. आई उठली, हे तिला कळलं असेल. गुडघा दुखायचा, तरी वॉचमनना मोटर लावू दिली नाही. एकदा अर्धा तास उशीर झाला, तर दिवसभर तिच्या फोनची वाट पाहिली. आला नाही. कामात असेल, म्हटलं.

चार महिन्यांनी तिनंच सहज सांगितलं, "आई, हौदाचं ते बंद केलंय हं. माझी खर्चाची तपासणी चालू होती. इतक्या दिवसांत एकदाही कुणी उघडलेलं नाही."

"बरं केलंस," मी म्हटलं. फोन ठेवून भाजी चिरायला घेतली, तेव्हा लक्षात आलं की त्या 'कुणी'मध्ये तीही होती.

दुसऱ्या दिवसापासून मोटर वॉचमन लावू लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच, "आजी, लेकीशी भांडलात का?"

"नाही."

"मग मोटरीवर का राग?"

रविवारी मी तिला सगळं सांगितलं.

"पाणी फार कमी झालं तरच मला निरोप येईल, असं लावलं होतं," ती म्हणाली. "निरोप नाही म्हणजे सगळं ठीक, असंच धरतो आम्ही." मग हळूच विचारलं, "पण तू का नाही उघडलंस?"

"पैसे पडतील म्हणून."

"अगं आई, बघितल्याचे पैसे नसतात. बघ नाहीतर नको बघूस, भाडं तेवढंच."

तिनं ते पुन्हा सुरू केलं. आधीच्या चार महिन्यांची रेघ मात्र पुसली गेली होती. ती आता फक्त माझ्या वहीत आहे.

ते वॉचमन पुढं गावी परतले. हौद आता निम्म्याखाली क्वचितच जातो, त्यामुळं रेघेत पाहण्यासारखं फारसं नसतं. तरी काठी पुसून ठेवली की मी ती उघडते. खाली कोपऱ्यात, त्या दिवशी किती जणांनी पाहिलं तो आकडा असतो. सकाळी तो एक असतो, म्हणजे मी. तुमच्या आईनं पाहिलं की दोन होतो. तिच्या गडबडीच्या दिवसांत एकच राहतो. मग दोन झाला का, ते मी दुपारी परत बघते.

गेल्या रविवारी तुमचा फोन झाल्यावर पाहिलं, तर तीन होता. तुमच्यापैकी कोण होतं?